न दुखणारी गाठ

मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट आलाय. गाठ कॅन्सरची आहे."

सांगलीच्या हॉस्पिटलातली ती खोली लहान होती. टेबलावर काचेखाली कुठल्या तरी लहान मुलानं काढलेलं चित्र ठेवलं होतं. दोन डोंगर आणि मधून निघालेली नदी. मी त्या नदीकडं बघत राहिले. शेजारी हे बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझी धाकटी बहीण सुमन मागं उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात मला जड लागला. एवढंच कळलं.

असं काही ऐकलं की माणूस कोसळतं, असं मला वाटायचं. मी कोसळले नाही. मला आठवलं की मैनाची पेंड संपत आलीय आणि येताना पोतं घ्यायचं राहिलं. मैना म्हणजे आमची म्हैस.

चारचौघींत बसून मला बोलता येत नाही. लग्नकार्यातसुद्धा मी चुलीकडं असते. पण जे मला झालं ते आणखी कुणाला होत असेल आणि तीही माझ्यासारखी गप्प असेल, म्हणून हे लिहितेय. ज्या जागेचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही तिचं नाव इथं लिहावं लागेल. स्तन. एकदा लिहिलं की पुढचं सोपं जातं.

आमचं गाव कराडच्या खाली, नदीच्या अंगाला. ऊस आहे, एक म्हैस आहे. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता साखर कारखान्याच्या गेटवर असतात. दोन्ही मुलं नोकरीनिमित्त बाहेर. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

म्हशीचं सगळं माझ्याकडं. ज्यांच्या घरी दुभतं आहे त्यांना ठाऊक आहे, दूध काढायच्या आधी रोज कास बघावी लागते. गरम पाण्यानं धुवायची, चारी सड चाचपायचे, पहिली धार तळहातावर घेऊन दूध फुटकं नाही ना ते बघायचं. कासेला दगडी झाली तर हाताला लगेच कळतं. कास कढत लागते, लाल होते, दगडासारखी घट्ट होते, आणि हात लावला की जनावर लाथ मारतं. आमच्या आधीच्या म्हशीचा एक सड असाच बाद झाला होता. तेव्हापासून माझा हात या कामात पक्का.

माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली ती उन्हाळ्यात, अंघोळ करताना. हरभऱ्याएवढी असेल. मी तिच्यावर हात ठेवून बघितला. कढत नव्हती. लाल नव्हती. दाबली तरी दुखत नव्हती. मी मनात म्हणाले, ही दगडी नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही. साबण लावला, पाणी ओतलं आणि बाहेर आले.

म्हशीवरून माणसाचं ठरवलं. दुसरं काही मला माहीतच नव्हतं.

पावसाळा संपेपर्यंत ती आवळ्याएवढी झाली. बोटानं सरकवली तर सरकायची नाही. तरी दुखत नव्हती. मैनाच्या कासेला एकदा थोडी सूज आली तेव्हा मी कोरफड, हळद आणि चुना वाटून लेप केला होता. उरलेला लेप मी माझ्या गाठीला लावला. चुन्यानं कातडी सोलली, तेवढं दुखलं. गाठ होती तशीच राहिली.

भाऊबीजेला आम्ही दोघी बहिणी भावाकडं गेलो होतो. आतल्या खोलीत साडी बदलताना मी पोलकं काढायला हात वर केले, आणि सुमन म्हणाली, "आक्का, थांब. हात तसाच ठेव."

"का गं?"

"हितं खळी पडलीया. कणकेत बोट दाबल्यागत."

मी पदर ओढला. ती म्हणाली, "झाकू नगस. कवापासनं हाय हे?"

"दुखत न्हाई गं."

"दुखतंय का इचारलं न्हाई. कवापासनं हाय ते इचारलं."

ती सांगलीत राहते, एका दवाखान्यात स्वैपाकाचं काम करते, त्यामुळं चार गोष्टी तिच्या कानावर असतात. आत ओढली गेलेली कातडी चांगली नसते, हे तिनं ऐकलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कराडला गेली.

कराडच्या डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं. मी म्हणाले, "काखेत दुखतंय." काख दुखत नव्हती. पण पुरुष डॉक्टर, आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. त्यांनी काख तपासली. सुमननं थोडा वेळ वाट बघितली आणि मग सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. काखेतही एक लहान गाठ लागतेय. तपासण्या करायला हव्यात." सांगलीत बाई डॉक्टर आहेत म्हणून सुमननं तिकडची चिठ्ठी मागून घेतली.

तपासण्यांचं सांगते, म्हणजे कुणी घाबरणार नाही. पहिली मॅमोग्राफी. स्तनाचा एक्स-रे म्हणा. मशिनच्या दोन पाट्यांमध्ये स्तन दाबून धरतात आणि फोटो काढतात. दाबल्यावर दुखतं, पण दहा आकडे मोजेपर्यंत संपतं. मशिनवरची पोरगी म्हणाली, "मावशी, श्वास धरा." मी धरला. ती "सोडा" म्हणायला विसरली असती तर मी तसाच धरून राहिले असते, असं तेव्हाचं माझं चित्त होतं.

मग सोनोग्राफी. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा सुईनं काढून तपासायला पाठवणं. जागा बधिर करतात. सुईचा आवाज टक् असा येतो, एवढंच. आत्याबाईंनी मला निघताना बजावलं होतं, "गाठीला सुई लावू दिऊ नगस. सुई लागली की पसरतंय." मी ते मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सुईनं पसरत नाही. गाठ कसली आहे हे कळल्याशिवाय औषध कसलं देणार? आणि ऐका, तपासायला येणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच."

माझी होती.

बाहेरच्या बाकावर बायका बसलेल्या असायच्या. इस्लामपूरकडची एक बाई रोज हिरव्या बांगड्या मागं-पुढं करत बसायची. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळ्यांचे पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेले. मीही तसाच घेतला होता.

त्या दिवशी, म्हणजे रिपोर्टच्या दिवशी, मॅडम आधी ह्यांच्याशी बोलत होत्या. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"ताई, ऑपरेशन दोन तऱ्हेनं करता येतं. एक, फक्त गाठ काढायची, तिच्या भोवतीची थोडी चांगली जागा घेऊन. स्तन राहतो. त्याला लम्पेक्टॉमी म्हणतात. पण मग नंतर रेडिएशन घ्यावंच लागतं. काही आठवडे, रोज यायचं. दुसरं, पूर्ण स्तन काढायचा. त्याला मॅस्टेक्टॉमी म्हणतात. त्यात कधी कधी रेडिएशन टळतं, पण तुमच्या काखेत गाठ आहे, त्यामुळं टळेलच असं मी सांगू शकत नाही. काखेतल्या गाठी दोन्हीत काढायच्या. तुमच्या गाठीला दोन्ही चालतात आणि आयुष्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच."

हे म्हणाले, "मॅडम, तुमाला योग्य वाटंल ते करा."

"मला दोन्ही योग्य वाटतात. म्हणून तर यांना विचारतेय."

मला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "समदं काढा."

"लगेच ठरवलंत?"

मी मान हलवली.

"का, ते सांगाल?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. मॅडमनी ह्यांना जरा बाहेर बसायला सांगितलं. हे टोपी घेऊन उठले. दार लागल्यावर मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना घाई नव्हती. शेवटी मी म्हणाले, "म्हस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत न्हाई."

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे रेडिएशनसाठी सांगलीत राहिलात तर दूध कोण काढणार?"

"व्हय."

"तुम्हाला स्वतःला तो भाग नको असेल, किंवा आजार तिथंच परत येईल अशी धास्ती वाटत असेल, तर मी तो काढेन. पुष्कळ बायका तसं ठरवतात आणि त्यात काही चूक नाही. पण म्हशीसाठी आज हो म्हणू नका. घरी जा. चार दिवस विचार करा."

विचार कसा करायचा तेच मला कळेना. विचार करायला आत काही हलावं लागतं. माझ्या आत सगळं गोठल्यासारखं होतं. भूक लागायची, मी जेवायची. झोप यायची, मी झोपायची.

गाडीत सुमन आम्हाला सोबत म्हणून इस्लामपूरपर्यंत आली. खोलीत ती मागं उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती ह्यांना म्हणाली, "दाजी, एक सांगू का?"

"सांग की."

"तुमची बायकू म्हशीसाठनं अंग कापून द्याया निघालीया."

खिडकीतून बाहेर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चालले होते. इस्लामपूर स्टँडवर सुमन उतरली. पुढं गाडी हलली तेव्हा हे म्हणाले, "मला का सांगितलं न्हाईस?"

मी म्हणाले, "काय सांगायचं त्यात."

संध्याकाळी मी मैनाच्या आंबोणाची, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पेंडीची, बादली उचलायला गेले तर ती ह्यांच्या हातात. म्हणाले, "तू बस हितं." आणि स्वतः दूध काढायला बसले. फौजेत बंदूक धरलेला हात, पण सडाला लागला तसं मैनानं पान्हा चोरला. रेडकू पाजलं तरी धार येईना. त्यांनी पुन्हा हात घातला आणि तिनं लाथ झाडली. दुधाची बादली भिंतीपर्यंत गेली. ह्यांच्या गुडघ्याला लागलं.

आत्याबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. गाठीचं कळल्यापासून त्या माझ्याशी फार बोलल्या नव्हत्या. एकदाच म्हणाल्या होत्या, "आमच्या टायमाला न्हवतं असलं." आता त्या म्हणाल्या, "आरं, ती वासावर हाय. तुजा आज्जा काय करायचा ठावं हाय का? म्हातारी म्हायेरी गेली की तिचं लुगडं गुंडाळून बसायचा धारंला."

"काय बी बोलतीस आये."

"मग खा लाथा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दोरीवरची माझी हिरवी साडी नव्हती. गोठ्यात गेले. हे उकिडवे बसले होते. पॅंटवरून माझी साडी गुंडाळलेली, डोक्यावरून पदर घेतलेला, पदराखालून मिशा दिसत होत्या. मैनानं मान वळवून त्यांना हुंगलं. साडीला हुंगलं. एकदा, दोनदा. मग ती पुढं होऊन आंबोण खायला लागली. बादलीत धार वाजली.

आत्याबाई म्हणाल्या, "हवालदार हाय का हवालदारीण?"

"गप ए आये. थांबल ती."

मी दारात उभी होते. हसू यायला हवं होतं. नाही आलं. रडूही नाही. पण छातीत, गाठीच्या खाली कुठंतरी, काहीतरी जागचं सरकल्यासारखं झालं.

दूध काढून झाल्यावर ते उठले, साडीचा पदर तसाच डोक्यावर. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता म्हशीचं न्हाई. आता तुला काय पायजे ते सांग."

त्या दिवशी न्हाणीघरात मी पहिल्यांदा खाली मान घालून नीट बघितलं. एवढी वर्षं अंघोळ केली, पण बघितलं नव्हतं. चुन्यानं सोललेली जागा भरून आली होती. खळी होती. दोन्ही पोरं ह्याच अंगावर वाढली. मला कळलं, मला हे हवं आहे. उपयोग काही नाही आता त्याचा. तरी माझं आहे, आणि राहणार असेल तर राहू दे.

सांगलीला गेल्यावर मी मॅडमना म्हणाले, "गाठच काढा." ह्यांना बाहेर पाठवायची गरज पडली नाही.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा काखेतून एक नळी आणि तिला बाटली. त्याला ड्रेन म्हणतात. आत साठणारं पाणी त्यातून बाहेर येतं. ती बाटली पिशवीत घालून मी घरभर फिरायची. हात वर जात नव्हता. मॅडमनी व्यायाम दिला, भिंतीला बोटं लावून मुंगी चढल्यासारखी वर न्यायची. आमच्या भिंतीला जिथं बोटं पोचायची तिथं आत्याबाई कोळशानं रेघ मारायच्या. काही न बोलता. दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर बोट गेलं की त्या म्हणायच्या, "हां."

काखेतून काढलेल्या गाठींपैकी दोनमध्ये आजार निघाला. म्हणून केमोथेरपी, म्हणजे शिरेतून द्यायचं कॅन्सरचं औषध. दर तीन आठवड्यांनी सांगलीला. पहिलं औषध लालभडक असतं. नंतर लघवीही लाल होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग असतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मळमळ होते. तोंडाला चव राहत नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं. ताप आला तर घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे लक्षात ठेवा.

केस गेले. उशीवर, ताटात, पाण्याच्या तांब्यात. न्हाव्याला घरी बोलवायला मला लाज वाटली. ह्यांनीच मशिननं काढले. आम्ही दोघं त्या वेळी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक उसाच्या तोडीचं बोललो.

या सगळ्यात दूध हेच काढत होते, साडी नेसून. गावात असं काही लपत नाही. डेअरीवर दूध घालायला सकाळी रांग असते. एकदा मी ह्यांच्याबरोबर गेले होते, डोक्याला स्कार्फ बांधून. मला मोकळ्या हवेत थोडं चालायला सांगितलं होतं. रांगेतला एकजण म्हणाला, "काय हवालदार, कवाच्या मुहूर्तावर हाय तुमचं? साडी तर नेसाया लागलाय म्हणं."

लोक हसले. दुसरा म्हणाला, "आरं, मिशी काढ की मग. नवरी मिशीची आसती व्हय?"

मी मागं सरकून खांबाआड उभी राहिले. हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. किटली खाली ठेवली आणि साध्या आवाजात म्हणाले, "माझ्या बायकूच्या स्तनात कॅन्सरची गाठ हुती. आपरेशन झालंय. तिला हातानं जोर करायचा न्हाई. म्हस माझ्या हाताला ऐकत न्हवती म्हणून साडी नेसतूय. गाठ दुखत न्हवती. दुखत न्हवती म्हणून ती गप बसली. घरी गेल्यावर आपापल्या बायकांस्नी इचारा. हसायचं मग हसा."

कुणी हसलं नाही. दूध मोजणाऱ्यानं पुढच्याची किटली घेतली. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. मला ज्या शब्दाला एवढी वर्षं लागली तो ह्यांनी डेअरीवर सगळ्यांदेखत असा ठेवला, दुधाच्या किटलीशेजारी. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग रेडिएशन. आमच्याकडं बायका त्याला लाईट घेणं म्हणतात. सुमनच्या घरी राहून रोज जायचं, फक्त शनिवार-रविवार सुट्टी. छातीवर शाईनं खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत. मोठ्या मशिनखाली एकटीला झोपवतात आणि सगळे बाहेर जातात. काही दुखत नाही, थोड्या वेळात संपतं. शेवटी शेवटी कातडी उन्हात काम केल्यासारखी काळवंडते, जळजळते. थकवा येतो. संध्याकाळी फोनवर मी ह्यांना विचारायची, "दिली का धार?" ते म्हणायचे, "दिली." मग फोन कुणी आधी ठेवायचा ते कळायचं नाही.

आता रोज एक गोळी आहे, पाच वर्षं तरी. माझी गाठ अंगातल्या बाईपणाच्या रसावर, म्हणजे हार्मोनवर वाढणारी होती, त्याला रोखणारी ही गोळी. मधूनच अंगातून वाफा निघतात. डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून जपावं लागतं. त्या हाताला सुई नाही, ओझं नाही, ऊस कापण्यासारखी पातं लागायची कामं नाहीत. ठरलेल्या वेळी तपासायला जायचं. मॅडम म्हणतात, "आत्ता सगळं नीट आहे." त्या "आत्ता" म्हणतात ते मी ऐकते.

तुम्ही काय बघायचं ते सांगते. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आणि पाळी गेली असेल तर महिन्याचा एखादा दिवस धरून, आरशासमोर उभं राहून दोन्ही हात वर करा. कुठं कातडी आत ओढलीय का, खळी पडलीय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का. स्तनाचं बोंड आत गेलंय का, आधी तसं नसताना. बोंडातून रक्त किंवा पाणी येतंय का. एक बाजू अचानक वेगळी दिसतेय का. मग बोटांच्या पोटानं गोल गोल चाचपायचं, काखेपर्यंत. काही वेगळं लागलं की डॉक्टर. लेप नाही, वाट बघणं नाही. दुखण्याची तर नाहीच. म्हशीची कास मी रोज बघत होते. माझी कुणी बघणार नव्हतं, मीच बघायला हवी होती.

मला हे सगळं तोंडानं एकाच बाईला सांगता आलं. कमल, भावकीतली माझी धाकटी जाऊ, पलीकडच्या घरात राहते. मला आक्का म्हणते. लाईट संपवून मी घरी आले त्यानंतर काही दिवसांनी ती दुपारची ताकाला म्हणून आली. ताक घेतलं तरी जाईना. साडीच्या गमती सांगत बसली, की तिचा नवरा डेअरीवरून आला आणि ताटावर बसल्या बसल्या तिला म्हणाला, तुला काय गाठबिठ हाय का. "म्या म्हनलं, जेवा गप. लाज हाय का न्हाई." ती हसली. मग तांब्याकडं बघत म्हणाली, "आक्का, दुखत न्हाई पर."

मी म्हणाले, "कुठं?"

तिनं पदरावरून बोट ठेवलं.

मी म्हणाले, "चल."

"आवं, उद्या बगू. दुपारचं पानी हाय उसाला."

"पानी हे बगतील. चल."

कराडच्या त्याच डॉक्टरांकडं मी तिला नेलं. ती म्हणाली, "काखेत..." आणि माझ्याकडं बघून थांबली. मी डॉक्टरांना म्हणाले, "हिच्या उजव्या स्तनात गाठ आहे. दुखत नाही." माझाच आवाज, पण दुसरं कुणी बोलल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. एवढंच. छत कोसळलं नाही.

तिचीही सोनोग्राफी झाली, सुई झाली. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसलो. मी टेबलावर कुठं चित्र आहे का ते शोधत होते. नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

बाहेर व्हरांड्यात आलो आणि मला रडू फुटलं. माझ्या रिपोर्टच्या दिवशी नाही, केस गेले तेव्हा नाही, मशिनखाली एकटी झोपले तेव्हा नाही, ते सगळं तिथं आलं. मी बाकावर बसले. कमल घाबरली. माझी पाठ चोळत म्हणाली, "आवं आक्का, साधी हाय म्हनलं न्हवं डाक्टर? तुमी ऐकलं न्हाई का? साधी हाय. माजी हाय ती, आन् रडताय तुमी."

मी ऐकलं होतं. मी नुसती मान हलवत राहिले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, पाणी आणून दिलं, आणि शेजारी बसून राहिली.

घरी पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. हिरवी साडी गोठ्यातल्या खुंटीला असते. शेण, दूध, पेंड, सगळ्याचा वास तिला. हे आज साडीकडं गेले नाहीत. मला म्हणाले, "तू नुसती पुढं उभी ऱ्हा." मी मैनाच्या तोंडाशी उभी राहिले, तिच्या कपाळावर उजवा हात ठेवला. हे तसेच, पॅंट-शर्टावर, खाली बसले. तिनं मला हुंगलं, कान हलवले. आणि पान्हा सोडला.